नाताळ यंदा आमच्या घरी: ३५ माणसं, एक हॉल आणि आडवा आलेला गुरुवार

तिसरा_मजला (जालना), २ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसती वाचत होते. आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडं नाताळ म्हणजे सासूबाईंचं खातं. लग्नाला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं माझं काम काय, तर करंज्यांना मुरड घालायची आणि आल्यागेल्याला चहा द्यायचा. यंदा सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. परवाच्या रविवारी चर्चहून आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "या वर्षी तुझं तू बघ. मी खुर्चीवर बसून नावं ठेवणार." हे ऐकून नवऱ्याच्या अंगात एवढा उत्साह संचारला की सोमवारी त्यानं ऑफिसातल्या आठ जणांना आमंत्रण देऊन टाकलं. लेकीनं पाच मैत्रिणींना सांगितलं. मंडळीतले नातेवाईक १४. बिल्डिंगमधली तीन कुटुंबं मिळून आठ जण: एक माळकरी, एक मुसलमान, एक जैन. झाले ३५.

जागा म्हणाल तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि एक हॉल. गच्ची सगळ्यांची सामाईक.

त्यात २५ तारखेला गुरुवार! ऑफिसातले निम्मे लोक गुरुवारी खात नाहीत, दोघांना तर कडक उपास असतो. ओव्हन माझा एवढासा. आणि मूळ भांडण असं की नवरा म्हणतो 'पार्टी', सासूबाई म्हणतात 'पार्टी ३१ ला करतात, नाताळला माणसं येतात'. मला दोघांचंही पटतं, तीच पंचाईत.

ज्यांनी घरी केलंय त्यांनी जरा मोकळेपणानं सांगा.

कडबा (परभणी), २ डिसेंबर, रात्री ११.०५

आधी ३५ चे ४५ धरा. आपल्याकडं पत्रिकेत सहकुटुंब नसलं तरी माणूस सहकुटुंबच येतो, वर गावाकडून आलेला मेव्हणा.

आणि रात्रीचं गच्चीवर कामून बसवता? परभणीत असतात तर चहा जिन्यातच गार झाला असता. गच्चीवर करायचंच असेल तर दुपारी करा, नाहीतर शेकोटीची सोय करा. स्लॅबवर डायरेक्ट लाकडं पेटवू नका, घमेल्यात वाळू घालून त्यावर पेटवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकानं थेट फरशीवर पेटवली, फटाक्यासारखी फरशी फुटली.

बेथेलची_नात (जालना, सध्या पुणे), ३ डिसेंबर, सकाळी ७.५०

तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून माझी आजीच डोळ्यापुढं आली.

जालन्याजवळच्या बेथेलचं नाव आता जालन्यातच किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक. १८४३ साली ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. आजी तिथली. तिच्या तोंडून नाताळच्या गोष्टी शंभरदा ऐकल्या, पण त्यात केक एकदाही आला नाही. पुरणपोळी यायची, येसर मसाला घातलेला मटणाचा रस्सा यायचा, आणि अनारशाचं पीठ मांजरानं कसं सांडलं ते यायचं. २४ च्या रात्री भजनाची फेरी निघायची. पुढं गॅसबत्ती, मागं पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं अगदी अभंगाच्या चालीत. ही टोळी पहाटेपर्यंत घरोघर फिरायची आणि प्रत्येक घरी गुळाचा चहा प्यायची. आजोबा सांगायचे, शेवटच्या तीन घरांत गाणं कमी आणि आडोसा शोधणं जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना झाली की दार उघडं ते रात्रीपर्यंत. जेवायला म्हणून कुणाला बोलावत नसत, आणि जेवल्याशिवाय कुणी जातही नसे. शेजारी फराळाची ताटं जायची, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत येत नसे. काहीच नसलं तर मूठभर साखर तरी. ईदला त्याच ताटातून शिरखुर्मा यायचा.

तेव्हा सासूबाईंचं बरोबर आहे. पण त्या काळी घरात काम करायला सहा बायका होत्या हेही त्यांना विचारा.

तिसरा_मजला, ३ डिसेंबर, दुपारी १.१५

@बेथेलची_नात, मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "सहा कुठल्या, आठ होत्या. आणि नावं ठेवायला त्यातल्या सगळ्याच."

जुना_वाचक, ३ डिसेंबर, दुपारी ३.३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आगमनकाळाचे चार रविवार मन तयार करायला असतात, मेनू तयार करायला नव्हे. टीव्हीत बघून झाड, लाल टोपी, केक, पार्टी. ख्रिस्ताचा जन्म गोठ्यात झाला.

गोदाकाठ (नांदेड), ३ डिसेंबर, दुपारी ४.०२

आणि त्या गोठ्यात रात्री-अपरात्री न बोलावता मेंढपाळ आले होते दादा. ३५ तर ३५.

घोगरगावकर (वैजापूर), ३ डिसेंबर, रात्री ९.२०

गुरुवारचा तोडगा सोपा आहे. आपला सण २५ ला संपत नाही, सुरू होतो. तीन राजांचा सण ६ जानेवारीला, तोवर नाताळच. आमचं घोगरगाव म्हणजे फ्रेंच धर्मगुरू गुरियन बाबांचं जुनं मिशन. आमच्याकडं २४ ला मध्यरात्रीची मिस्सा झाली की घरी यायला दीड-दोन वाजतात. २५ ला बायामाणसं अर्धवट झोपेतच असतात. म्हणून जेवणावळ आम्ही नेहमी पुढच्या रविवारी घेतो. यंदा रविवार २८ ला आहे. २५ ला दार उघडं ठेवून फराळ द्या, २८ ला जेवण घाला. तारे, कंदील लावलेलेच असतात, ६ तारखेच्या आत कोण काढतंय!

येळवस_लातूर, ४ डिसेंबर, सकाळी १०.१०

घोगरगावकरांच्या रविवारला आमचा पाठिंबा. मार्गशीर्षातले गुरुवार १८ ला संपायलेत, त्यामुळं महालक्ष्मीचं व्रत करणाऱ्या बायका २५ ला मोकळ्याच. पण दत्ताचा गुरुवार, साईबाबांचा गुरुवार बारमाही असतो, त्याला काय करणार?

आमच्याकडं १९ ला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. लातूरकराला पार्टी कशी करायची ते शिकवायची गरज नाही, वर्षातून एकदा अख्खं शहर रानात जाऊन जेवतंय. तिथली एक गोष्ट तुम्हाला कामाला येईल. येळवशीला गरम काही वाढायचंच नसतं. भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, आंबील, सगळं आदल्या रात्री आणि पहाटे करून डालीत भरून न्यायचं. त्यामुळं रानात पोचलेली बाई ताटावर बसती, चुलीवर नाही. तुमच्या मेनूतला प्रत्येक पदार्थ असा तपासा: पाहुणे आल्यावर याच्यासाठी मला उठावं लागतंय का? लागत असेल तर काढून टाका.

भाकऱ्या आणि पुऱ्या तर मुळीच नको. ४० माणसांच्या भाकऱ्या थापायला बसलात तर पार्टी तुम्ही पिठाच्या परातीतूनच बघायची.

हिरवी_वाटी (छत्रपती संभाजीनगर), ४ डिसेंबर, रात्री १०.३०

मी गेली ११ वर्षं छावणीजवळच्या घरी नाताळचं जेवण घालते. सगळ्या जातीधर्माचे लोक येतात. चुका करून करून शिकलेलं सांगते, लांबेल जरा.

पाहुण्याला जेवायला बसल्यावर "यात अंडं आहे का हो?" असं विचारायला लागणं ही यजमानाची चूक. विचारताना त्याला लाज वाटते, उत्तर देताना आपल्याला. पहिल्या वर्षी माझ्याकडं एक आजी दोन तास नुसतं पाणी पिऊन बसल्या. केक तीनदा पुढं केला, तीनदा "पोट भरलंय" म्हणाल्या. नंतर कळलं, त्या माळकरी. मला कापरासारखं विरघळून जावंसं वाटलं.

तेव्हापासून माझ्याकडं रंग ठरलेत. बिनअंड्याचं सगळं हिरव्या कागदी वाटीत, अंड्याचं पांढऱ्या वाटीत. दोन टेबलं, दोन भिंतींना. शाकाहारी टेबल दाराजवळ, म्हणजे मटणाच्या पातेल्यावरून वाकून जावं लागत नाही. डाव वेगळे, पातेली वेगळी, आणि शाकाहारी स्वयंपाक आधी उरकायचा, मग मांसाहारी. हे सगळं बोलून दाखवायचं नाही, नुसतं दिसू द्यायचं.

मुसलमान शेजाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मटण त्यांनाच विचारून त्यांच्या खाटकाकडून आणा. आणि केकमध्ये रम नको. वेगळा बिनरमचा केक करून काही होत नाही, कारण कुठला तुकडा कुठल्या ताटात गेला याची खात्री ४० माणसांत राहत नाही. एकच केक, बिनरमचा, सगळ्यांना.

जैन कुटुंबाचं मात्र अगदी वेगळं. कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि काही घरं दुसऱ्याच्या भांड्यातलं खातच नाहीत. मी पहिल्यांदा मनाला लावून घेतलं होतं. नंतर त्यांच्याच ताईंनी सांगितलं, "आम्ही यायचंय म्हणून येतो, खायला नाही." आता त्यांच्यासाठी बोरं, पेरू, सालासकट संत्री आणि बंद पाकिटातला सुका मेवा ठेवते. चार वाजता येतात, पोरं खेळतात, सहाला जातात. दरवर्षी.

जेवणाचा अंदाज: इतर पदार्थ असतील तर एक किलो तांदूळ आणि एक किलो मटणाची बिर्याणी आठ ते दहा माणसांना पुरते. तुमच्याकडं खाणारे २५ धरले तर तीन-तीन किलो घ्या. पण माझं ऐकाल तर बिर्याणीपेक्षा नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, बरा. तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आलेलं जेवण असं आमच्याकडं सांगतात. खलिया सकाळी शिजवून ठेवला तर संध्याकाळी जास्त मुरतो, आणि नान तंदूरवाल्याकडून शेकड्यानं येतात. लातूरकरांच्या परीक्षेत पास.

तिसरा_मजला, ५ डिसेंबर, सकाळी ८.४५

@हिरवी_वाटी, तुमची पोस्ट नवऱ्याला मोबाइलवर पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मग ऑफिसवाले विचारतायत, बसायचं का?"

कडबा, ५ डिसेंबर, सकाळी ८.५२

खुर्चीवर? होय, बसायचं की.

गोदाकाठ, ५ डिसेंबर, सकाळी ९.३०

माझ्या नवऱ्यानंही एका वर्षी गच्चीवर 'सोय' केली होती. खाली सासरे मुलांना घेऊन भजन म्हणत होते आणि वरून कुणीतरी कोरस धरला, भलत्याच गाण्याचा. त्या वर्षीपासून सोय बंद. ज्यांना बसायचंय त्यांनी ३१ ला आपापलं बघावं.

तिसरा_मजला, ५ डिसेंबर, सकाळी ९.४१

भाषांतर करून कळवलंय. "बरं" आलंय, पुढं टिंबं तीन.

भट्टी_आणि_मी (बीड), ६ डिसेंबर, रात्री ११.१५

केकवर कुणी बोललं नाही अजून, मग मी बोलतो. पुरुष असून केक करतो म्हणून मपल्या गावात मला 'बेकरी' म्हणतात. चालतंय.

आपल्या देशातला पहिला नाताळचा केक केरळात तेलिचेरीला मांबली बापू नावाच्या बेकरीवाल्यानं १८८३ साली केला असं सांगतात. म्हणजे परंपरा-परंपरा म्हणून फार दडपण घेऊ नका, तोही बिस्किटंच करणारा माणूस होता.

सुका मेवा रममध्ये तीन आठवडे भिजवायची पद्धत आहे, कारण दारूत तो टिकतो. संत्र्याच्या रसात तीन आठवडे ठेवाल तर आंबून जाईल. रसात भिजवायचं तर केकच्या आदल्या रात्री, तेही फ्रिजमध्ये. किंवा मनुका, बेदाणे, खजूर, चेरी, संत्र्याची साल रसात पाचेक मिनिटं उकळून गार करा, तेवढंच बास. घालताना चमचाभर मैद्यात घोळवा, नाहीतर सगळा मेवा तळाला जाऊन बसतो.

काळपट रंग साखरेचा असतो. साखर कोरडीच जाळायची, पार तांबडी-काळी होऊन कडेनं धूर दिसायला लागेपर्यंत. मग गॅस बंद करून उकळतं पाणी लांबून, थोडं थोडं. जवळ तोंड नेऊ नका, तोफेसारखं उडतं. माझ्या मनगटावर डाग आहे.

ओव्हन लहान असेल तर कुकर. तळात दीड वाटी मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून मग डबा ठेवा आणि अगदी बारीक आचेवर पाऊण ते एक तास. एकाच वेळी दोन कुकर लावले तर ४० जणांचं काम दोन खेपांत होतं.

तिसरा रस्ता बेकरीचा. दिवाळीत आपण नानकटाईचं सामान घेऊन जातो तसं केकचं मिश्रण घेऊन जायचं, ते भट्टीत भाजून देतात. पण ब्रेड काढल्यावर भट्टी निवत आलेली असते तेव्हाच केक घालायला सांगा. मी एकदा सांगितलं नाही. वरून कोळसा, आतून लापशी. बेकरीवाला उलट मलाच म्हणाला, "तुमच्या पिठात दोष आहे." चार किलो होतं हो.

मोरपंखी (हिंगोली), ७ डिसेंबर, दुपारी २.२०

सजावटीला फार पैसे घालवू नका. अंगणात किंवा कुंडीत मोरपंखी असेल तर तेच झाड. प्लास्टिकच्यापेक्षा आम्हाला ते बरं वाटतं. सुरूची फांदीसुद्धा चालते, फक्त तीन दिवसांत तिच्या सुया झडतात आणि पुढं फेब्रुवारीपर्यंत पायात टोचतात.

गव्हाणीचा देखावा मात्र पोरांच्या हातात द्या. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. गोणपाटाचा डोंगर, त्यावर चिखल, अळीव पेरायचे, आठवड्यात हिरवळ येते. १५-१६ तारखेला पेरलंत तर २५ ला बरोबर. छपराला कडबा. मेंढपाळ नसतील तर किल्ल्यावरच्या मावळ्यांना घोंगडी पांघरा. आमच्याकडं बेथलेहेमच्या वेशीवर भालदार-चोपदार उभे असतात, कुणाची हरकत नसते.

हा देखावा पहिल्यांदा मांडला तो असिसीच्या संत फ्रान्सिसनं, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चोला. तिथं खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. आमच्या शेतातल्या घरी आम्हीही एकदा खरं वासरू बांधलं. त्यानं बाळ येशूखालचा कडबा खाऊन टाकला. बाळ आडवं पडलं, आजीनं वासराला मारलं, वासरू हंबरलं, तेवढ्यात पाळकसाहेब आत आले.

चांदणी विकत आणू नका. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद, संक्रांतीच्या तयारीनं बाजारात याच दिवसांत मिळतो. आतला बल्ब मात्र एलईडीच ठेवा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद भाजतो.

जुना_वाचक, ७ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

वासराचा प्रसंग आवडला. एक सूचना करतो, उपदेश नाही. प्रार्थना होणार असेल तर आमंत्रण देतानाच सांगा: "सात वाजता पाच मिनिटं प्रार्थना आहे, मग जेवण." हल्ली दिवस असे आहेत की घरात प्रार्थना म्हटलं की काहींच्या भुवया वर जातात. आधी सांगितलं की ज्याला त्या वेळी यायचं तो येतो, ज्याला नाही तो साडेसातला येतो, कुणी अवघडत नाही. भजन दोनच. आणि स्पीकर रात्री १० च्या आत बंद.

तिसरा_मजला, ७ डिसेंबर, रात्री ८.३०

@जुना_वाचक, मनापासून आभार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिसरा_मजला, १४ डिसेंबर, रात्री १०.००

ठरलं. २५ ला उपासनेनंतर सकाळी ११ ते रात्री ९ दार उघडं: करंज्या, शंकरपाळे, चिवडा, चकली, चहा. उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर. २८ ला रविवारी संध्याकाळी जेवण. सासूबाईंना त्यांचा नाताळ, नवऱ्याला त्याची पार्टी.

खलियाचं शेजारच्या खालांनी अंगावर घेतलं. मी नुसतं विचारायला गेले होते की खाटीक कोणता, तर त्या म्हणाल्या, "तू पातेला ला, बाकी मेरे पे छोड." माळकरी काकूंना सांगायला गेले तर त्यांनी विचारलं, "मग आमच्यासाठी काय?" मी म्हटलं, भरीत. त्या म्हणाल्या, "जालन्यात वांग्याला काय तोटा, भरीत मीच करते, माझ्या घरी. तुझ्याकडं आणून ठेवते, म्हणजे मलाही खाता येईल." हे वाक्य ऐकलं आणि माझा अर्धा ताण उतरला, खोटं कशाला सांगू. शिवाय तुरीच्या सोल्यांची आमटी मी करणार, भात आणि बचत गटाच्या कडक भाकरी.

बेथेलची_नात, १४ डिसेंबर, रात्री १०.३५

सासूबाई काय म्हणाल्या?

तिसरा_मजला, १४ डिसेंबर, रात्री १०.३८

"चिवड्यात खोबरं कमी आहे." चिवडा अजून केलेला नाही.

येळवस_लातूर, २० डिसेंबर, सकाळी ११.००

कालची येळवस जोरात झाली. आंबील पिऊन पिऊन डोळे जड झालेत, म्हणून उशिरा लिहायलोय. तुमच्याकडं २८ ला पोरांसाठी हुरडा जमतोय का बघा. शेतावर ओळख असेल तर कोवळी कणसं आता मिळू लागतील. आगटी गच्चीवर नको, घमेल्यातल्या निखाऱ्यावर भाजा. गूळ आणि लसणाची चटणी बाजूला. केकपेक्षा जास्त उठतंय, पैज.

तिसरा_मजला, २३ डिसेंबर, रात्री ११.५०

कुणी जागं आहे का? ओव्हन चालू, तेवढ्यात नवऱ्यानं गीझर लावला, एमसीबी पडला. घरभर अंधार. मी घाबरून ओव्हनचं दार उघडून टॉर्चनं बघितलं. लाइट आली तोवर केक मध्ये बसला. वाटीएवढा खड्डा पडलाय. २५ ला सकाळी लोक यायचेत.

भट्टी_आणि_मी, २३ डिसेंबर, रात्री ११.५८

जागा आहे. दार उघडायला नको होतं, पण झालं ते झालं. सळई टोचून बघा, मध्ये ओलं आहे का? ओलं नसेल तर खाण्यात काही फरक नाही, नुसतं रूप गेलं. ओलं असेल तर मधला भाग वाटीनं कापून काढा, बाकीची रिंग छान दिसती. काढलेला भाग फेकू नका, कुकरमध्ये पुन्हा शेकवा, कुस्करून कस्टर्डमध्ये घाला. आणि दुसरा केक उद्या कुकरमध्येच करा. वायरिंगला ओव्हन आणि गीझर एकदम झेपत नाहीत.

तिसरा_मजला, २४ डिसेंबर, रात्री १२.१०

सळई कोरडी आली. खड्डा तसाच आहे.

मोरपंखी, २४ डिसेंबर, सकाळी ६.१५

पिठीसाखर भुरभुरा, बर्फ म्हणा.

कडबा, २५ डिसेंबर, सकाळी ७.००

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. परभणीत बर्फ पडला तर मला काही नवल वाटणार नाही, एवढी थंडी आहे.

तिसरा_मजला, २९ डिसेंबर, दुपारी ३.२०

भांडी परत केली, पाय वर करून बसलेय, आता सांगते.

२५ ला किती लोक आले ते मोजलं नाही. चहाला दूध सहा लिटर लागलं, त्यावरून तुम्हीच ठरवा. ऑफिसातले दोन उपासवाले आले, राजगिऱ्याचे लाडू बघून एक जण म्हणाला, "वहिनी, हे आमच्यासाठी?" आणि चार खाल्ले. उपासाला चार चालतात का, मला माहीत नाही. २४ च्या रात्री कॅरोलवाली पोरं पावणेअकराला आली होती, स्पीकर नाही, नुसती ढोलकी. तिसऱ्या मजल्यावर चढून दम लागल्यानं पहिलं कडवं कुणाला म्हणताच आलं नाही. सासूबाईंनी खुर्चीतून सुरू केलं, मग त्यांनी धरलं.

२८ ला ४३ माणसं. कडबा, तुमचा आकडा दोनानं चुकला. जैन ताई चार वाजता पोरांना घेऊन आल्या, संत्री सोलत सोलत त्यांनी माझ्या हिरव्या-पांढऱ्या वाट्या लावून दिल्या. सात वाजता प्रार्थनेला निम्मे होते, साडेसातला बाकीचे आले, कुणाला काही विचारावं लागलं नाही. भरीत आधी संपलं, खलिया नंतर. खालांनी माळकरी काकूंना भरिताची कृती विचारली आणि काकूंनी वांगी भाजण्यापासून सांगायला सुरुवात केली, ती पाऊण तास चालली. हुरडा जमला नाही, कणसं मिळाली ती फार कोवळी होती. ओला हरभरा भाजला, तोंडं काळी करून पोरं झोपली.

गोंधळही झाले. नान ६० सांगितले होते, ४५ आले, आणि तंदूरवाला म्हणतो त्यानं ६०च मोजले. भात जास्त झाला, दोन दिवस फोडणीचा भात खातोय. ऑफिसातला एक जण जाताना दुसऱ्याच्याच चपला घालून गेला, त्या अजून फिरतायत.

आणि केक. खड्ड्याचा केक मी लपवून ठेवला होता, नवा कुकरातला बाहेर मांडला. लेकीनं काय केलं, तो खड्ड्याचा काढला, पिठीसाखर ओतली आणि खड्ड्यात देखाव्यातल्या सगळ्या मेंढ्या नेऊन उभ्या केल्या. वर एक मावळा, भाला घेऊन. पोरं तोच मागायला लागली. मेंढ्या धुऊन घेतल्या होत्या की नाही, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

सासूबाई शेवटचा पाहुणा गेल्यावर म्हणाल्या, "चिवड्यात खोबरं कमीच होतं." मग उरलेला चिवडा डब्यात भरून स्वतःच्या खोलीत घेऊन गेल्या.

भट्टी_आणि_मी, २९ डिसेंबर, दुपारी ३.४५

मावळ्याचा फोटो टाका.

तिसरा_मजला, २९ डिसेंबर, दुपारी ३.५०

मावळा सापडत नाहीये. बहुतेक कुणीतरी केकबरोबर घरी नेला.